चार बोटं कोरी जागा

तिसरीच्या वर्गाच्या बाईंना राग आला की त्यांचा आवाज खाली जातो. वर्गातल्या चौतीस मुलांना हे पहिल्या आठवड्यातच कळतं. बाई ओरडत असतील तर घाबरायचं कारण नाही, त्या नुसत्या दमलेल्या असतात. बाई हळू बोलायला लागल्या की मात्र पुस्तकं आपोआप उघडतात आणि शेवटच्या बाकावरचेही पाय जमिनीला टेकवून बसतात. ज्या गुरुवारची ही हकिकत आहे त्या दिवशी बाई इतक्या हळू बोलल्या, की टेबलापलीकडे बसलेल्या हेडसरांना दोनदा "काय म्हणालात?" असं विचारावं लागलं.

पण त्याआधी कागदाचं सांगायला हवं.

शाळेत त्यांना कागदबाई म्हणतात. मुलं पाठीमागे म्हणतात, शिपाई तोंडावर म्हणतो. सव्वीस वर्षं दर शुक्रवारी शेवटच्या तासाला त्यांनी प्रत्येक मुलाच्या दप्तरात एक कागद टाकला. वर आठवड्यात काय झालं ते: 'भागाकार सुरू केला. बाकी उरली की मुलं घाबरतात. घरी घाई करू नका.' त्याखाली पुढच्या आठवड्यात काय होणार आणि त्यासाठी काय आणायचं: रिकामी काडेपेटी, पाच वेगवेगळी पानं, घरातल्या सगळ्यात म्हाताऱ्या माणसाला विचारलेले दोन प्रश्न. आणि तळाला चार बोटं कोरी जागा. तिच्या डोक्यावर एकच शब्द, 'घरून'.

हा कागद सोमवारी परत यायलाच हवा. नुसती सही चालत नाही. "सही कुणीही ठोकतं," बाई पालकांना पहिल्याच सभेत सांगत. "मला दोन ओळी हव्यात. शंका लिहा, तक्रार लिहा, शिवी द्यायची असेल तर द्या, पण लिहा." एका वडिलांनी खरोखरच शिवी लिहिली. बाईंनी तिच्याखाली लाल रेघ मारली, शेजारी 'वाचली' असं लिहिलं आणि त्यांच्या तक्रारीचं मुद्देसूद उत्तर देऊन कागद परत पाठवला. पुढच्या आठवड्यात ते गृहस्थ भागाकार विचारायला स्वतः आले.

त्या चार बोटांत काय काय यायचं! 'पाढे म्हणताना तो नऊला थांबतो आणि रडतो.' 'आजोबांची भागाकाराची रीत वेगळी आहे, तुमची वेगळी. घरात भांडण झालं आहे, निकाल द्यावा.' 'बाळ झाल्यापासून ही कुणाशी बोलत नाही. शाळेत बोलते का?' प्रत्येक ओळीला दुसऱ्या दिवशी उत्तर द्यायचं, हा बाईंनी स्वतःला घातलेला नियम. मुलांच्या घरची खबर त्यांना या चार बोटांतून कळायची, आणि ती वाचूनच त्यांचा सोमवार ठरायचा.

या वर्षी शाळा उघडली ती नव्या हेडसरांसकट. बाईंपेक्षा नऊ वर्षांनी लहान, नीटनेटके, कष्टाळू, शिपायालाही अहो-जाहो करणारे. माणूस वाईट नाही. हे मुद्दाम सांगायचं, कारण वाईट माणसावर रागावणं फार सोपं असतं. त्यांनी आल्या आल्या अॅप आणलं. यापुढे गृहपाठ, उपक्रम, सुट्ट्या, सगळं पालकांच्या फोनवर. कागद बंद. "दोन वाटांनी दोन गोष्टी गेल्या की पालक गोंधळतात," असं ते म्हणाले, आणि झेरॉक्स मशीनच्या खोलीची किल्ली क्लार्कच्या खणात गेली. प्रत्येक सूचनेखाली एक बटण होतं, 'ठीक आहे'. पालकांनी ते दाबलं की हेडसरांच्या आणि वर्गशिक्षकांच्या स्क्रीनवर हिरवा ठिपका उमटे.

सभेत बाई उठून उभ्या राहिल्या. "पालकांना काही उलट सांगायचं असलं तर?"

"बाई, पालकांना वेळ कुठे असतो? त्यांना माहिती मिळाली की झालं."

"आणि मला?"

"तुम्हाला काय?"

"मला माहिती नको?"

सगळे हसले. बाईही थोड्या हसल्या आणि खाली बसल्या. तिथे बसायला नको होतं, असं त्या आता म्हणतात.

कारण पुढे जे झालं ते त्या स्वतःला माफ करत नाहीत. त्यांना अॅपची सवय लागली. इतकंच नाही, ते आवडायला लागलं. उत्तरं लिहून दुखणारं मनगट दुखेनासं झालं. सोमवारी चौतीस कागद वाचायचे नव्हते, कुणाच्या आजोबांचा निवाडा करायचा नव्हता. एका बोटाने टाइप करायचं, पाठवायचं, आणि संध्याकाळपर्यंत चौतीसच्या चौतीस ठिपके हिरवे. हेडसरांनी स्टाफरूममध्ये तक्ता लावला: तिसरी, पालक-संपर्क शंभर टक्के. बाईंनी "त्यात काय एवढं" म्हटलं आणि जाता-येता तक्त्याकडे बघितलं.

पूर्वी गृहपाठ उतरवून घ्यायला त्या शेवटची वीस मिनिटं देत. आता पाच मिनिटं पुरत. फळ्याच्या डाव्या कोपऱ्यात दोन ओळी खरडायच्या, "उतरवलं तर उतरवा, घरी फोनवर आहेच," आणि घंटा.

वर्गात तिसऱ्या बाकावर एक मुलगी बसते. अंगाने एवढीशी, बोलायला झणझणीत, म्हणून पहिलीपासून तिचं नाव मिरी पडलं. तोंडी विचारलं तर मिरी सगळं सांगते. गणित फळ्याजवळ बोलावून दिलं तर सोडवते. पण वर्ष अर्ध्यावर आलं तेव्हा साठपैकी नऊच दिवस तिचा गृहपाठ झालेला होता. काडेपेटी नाही, पानं नाहीत, घराच्या नमुन्यासाठी सांगितलेलं बुटांचं खोकं नाही. विचारलं तर म्हणायची, "मला कुणी सांगितलंच नाही." आणि तिच्या नावापुढे सगळेच्या सगळे ठिपके हिरवेगार.

बाईंचा राग मिरीवर नव्हता, तिच्या आईवर होता. "करायचं नसेल तर नका करू," त्या स्टाफरूममध्ये म्हणाल्या, "पण मग ठीक आहे कशाला दाबता? पाच महिने ठीक आहे, ठीक आहे!"

नेमकी त्याच वेळी हेडसरांनी दुसरी कल्पना काढली. पूरक तुकडी. जी मुलं मागे पडली आहेत, आणि ज्यांच्या पालकांना सगळं कळूनही ते काही करत नाहीत, अशांना वरच्या मजल्यावर वेगळं बसवायचं. पहिली ते चौथी एकत्र, एक शिक्षिका, स्टोअरशेजारची खोली. कागदावर ही मदत होती. पण वर गेलेलं मूल खाली येत नाही, हे सगळ्या शिक्षकांना ठाऊक होतं. एकदा वेगळं पुस्तक हातात पडलं की पुढच्या वर्षी ते आपल्या वर्गाला गाठू शकत नाही. वर्गशिक्षकांनी नावं द्यायची होती. बाईंनी एक दिलं. छापील रकान्यात लिहिलं: 'पालकांना माहिती होती: होय. पालकांनी केले: नाही.' खाली सही केली. शनिवारी यादी पक्की होणार होती.

आणि गुरुवारी वर्गात घरांच्या नमुन्यांचं प्रदर्शन भरलं.

सकाळी दहा ते बारा पालकांनी यायचं होतं. बाकांवर बुटांच्या खोक्यांची घरं मांडली होती. कुणी खिडक्या कापल्या होत्या, कुणी छतावर टाकी ठेवली होती, एकाने घरात टीव्ही चिकटवला होता आणि दार विसरला होता. मिरीच्या बाकावर काही नव्हतं. ती हात मागे बांधून शेजारणीच्या घरामागे अशी उभी होती, की बघणाऱ्याला ते दोघींचं वाटावं.

दहाला पाच मिनिटं असताना पहिला पालक आला. साठीचा, इस्त्रीचा शर्ट, कपाळावर चष्मा, काखेत बुटांचं खोकं.

"नमस्कार बाई. मी मिरीकडून."

"आपण तिचे आजोबा का?"

"छे हो. मी घड्याळवाला. घड्याळं दुरुस्त करतो. यांची बिऱ्हाडाची खोली आमच्या दुकानावर होती. दोन वर्षं झाली सोडून."

"मग आज इथे?"

"म्हणजे काय! शाळेनेच बोलावलं ना? पालकांनी न चुकता यावे म्हणून." त्यांनी खोकं पुढे केलं. "हेही आणलंय. मागेच मागितलं होतं तुम्ही, पण तेव्हा दुकान टाकून येता आलं नाही. राग मानू नका."

बाईंनी खोकं घेतलं. ते हातात धरून त्या तशाच उभ्या राहिल्या.

घड्याळवाल्यांनी खिशातून फोन काढून दाखवला. प्रवेशाच्या वेळी मिरीच्या घरी फोन नव्हता, म्हणून फॉर्मवर दुकानाचा नंबर दिलेला. एकसष्ट सूचना ओळीने रचलेल्या. काडेपेटी, पानं, म्हातारं माणूस, भागाकाराचं पान बावीस. प्रत्येकीखाली 'ठीक आहे'.

"तुम्ही सगळ्यांना ठीक आहे का दाबत गेलात?" बाईंचा आवाज अजून नेहमीचा होता.

"मग काय दाबू? खाली एकच तर बटण आहे. शाळेचा निरोप येतो, त्याला काहीच उत्तर द्यायचं नाही हे बरं दिसतं का?" घड्याळवाले जरा दुखावले. "ते लोक इथे राहत नाहीत असं लिहायला गेलो, तर लिहायला जागाच मिळेना. नातीला विचारलं, तीही म्हणाली जागा नाही. शेवटी शाळेत फोन केला. एका बाईने उचलला, फार गोड बोलली. तिला पहिल्यापासून सगळं समजावून सांगितलं. नंतर कळलं, ती मशीन होती."

"मिरीच्या घरी का नाही कळवलंत?"

"कुठे राहतात तेच ठाऊक नाही. जाताना पत्ता देते म्हणाली होती तिची आई, राहूनच गेलं. शाळेला ठाऊक असेल असं मी धरून चाललो."

तेवढ्यात मिरीने त्यांना पाहिलं. "घड्याळकाका!" ती बाकांमधून सुसाट आली. बाईंच्या हातातून खोकं कधी गेलं ते त्यांना समजलंही नाही. पाच मिनिटांनी ते मिरीच्या बाकावर होतं, झाकण उघडं, आत काही नाही, आणि ती आल्यागेल्याला सांगत होती, "हे आत्ताच बांधलंय. लोक अजून राहायला यायचेत."

बाई टेबलाशी गेल्या. वर्गशिक्षिकेने अॅपसाठी नंबर भरून द्यायचे होते. पहिल्या आठवड्यात बाईंनीच जुन्या फॉर्मवरून चौतीस नंबर एका बैठकीत उतरवून दिले होते. त्यातला एकही लावून पाहिला नव्हता. जिने सव्वीस वर्षं 'सही कुणीही ठोकतं' म्हणून पालकांना सुनावलं, तिने पाच महिने ठिपका कोण ठोकतंय हे विचारलं नव्हतं.

बारा वाजता प्रदर्शन संपलं आणि त्या हेडसरांच्या खोलीत गेल्या. सगळं सांगितलं. हळू आवाजात.

"काय म्हणालात?"

त्यांनी पुन्हा सांगितलं.

"नंबर बदलला की कळवण्याची जबाबदारी पालकांची आहे, बाई."

"क्लार्कना बोलवा."

क्लार्क आला, दारातच थांबला. हो, मिरीची आई आली होती. एकदा नाही, तीनदा. नवा नंबर घेऊन. "पण नंबर बदलायला कोड लागतो सर."

"मग?"

"कोड जुन्या नंबरवर जातो."

क्लार्क म्हणाला, "नियम माझा नाही, सिस्टीमचा आहे."

"सर, त्या यादीतून नाव काढा," बाई म्हणाल्या.

"काय म्हणालात?"

"नाव काढा."

हेडसरांनी पेन टेबलाच्या कडेला समांतर ठेवलं. "असं तोंडी काढता येत नाही. नोंद झाली आहे, तुमचीच सही आहे. पालकांकडून अर्ज आणा, सूचना मिळाल्या नाहीत म्हणून. शनिवारी सकाळपर्यंत. मी काढतो."

"आणि यादीतल्या बाकीच्या अकरांचं?"

"बाकीच्यांचं काय?"

"त्यांचे ठिपके कुणी दाबलेत?"

"एका मुलीवरून सगळी व्यवस्था चुकीची नाही ठरत, बाई."

मिरीची आई इस्पितळाच्या धुलाईघरात काम करते. वडील मालाच्या गाडीवर असतात, आठवड्यातले चार दिवस बाहेर. धुलाईघर इस्पितळाच्या मागच्या बाजूला आहे. आत वाफ, यंत्रांची घरघर, आणि छातीएवढ्या उंच कॅनव्हासच्या गाड्यांत भरलेल्या चादरी. फोन दारातल्या कप्प्यात ठेवूनच आत जायचं. तीनला पंधरा मिनिटांची सुट्टी होते. बाई अडीचलाच जाऊन मागच्या दाराशी उभ्या राहिल्या.

मिरीची आई हात पुसत बाहेर आली. बाईंना ओळखून आधी घाबरली. "मिरीला काय झालं?"

"मिरी बरी आहे." बाईंनी तिथे उभ्याउभ्याच सगळं सांगितलं. घड्याळवाले, एकसष्ट सूचना, यादी, शनिवार. काही लपवलं नाही.

मिरीच्या आईने शेवटपर्यंत ऐकून घेतलं. मग म्हणाली, "म्हणजे पाच महिने तुम्हाला वाटत होतं, मी सगळं वाचून ढिम्म बसलेय."

"हो."

"आणि मला वाटत होतं, ज्यांच्याकडे भारी फोन आहेत त्यांनाच तुम्ही कळवता." ती हसली, पण ते हसणं चांगलं नव्हतं. "तीनदा आले मी. तिसऱ्या वेळी अर्धी रजा टाकून. तो तुमचा क्लार्क म्हणतो, जुन्या नंबरवर कोड येईल, तो सांगा. म्हटलं बाबा रे, जुना नंबर माझ्याकडे असता तर मी आले कशाला असते? तर म्हणाला, रांगेत मागे लोक आहेत."

"माझ्याकडे यायचंत."

"आले होते! गेटवरून सोडलं नाही. म्हणे बाईंना भेटायचं तर अॅपवरून वेळ घ्या." तिने ओल्या हातांनी केस मागे सारले. "घ्या आता वेळ."

बाईंनी अर्जाचं सांगितलं. चार ओळी, खाली सही, शनिवारी सकाळपर्यंत.

"अर्ज मी करायचा?"

"सर तसं म्हणतात."

"सूचना चुकल्या तुमच्या. यादीत नाव घातलं तुम्ही. आणि विनंती मी करायची?" आता तिचा आवाज चढला, आत यंत्राजवळच्या दोघींनी वळून पाहिलं. "नाही करणार. अर्ज केला की कागदोपत्री चूक माझी होते. उद्या म्हणाल, आईने मान्य केलं. सही कुणाची आहे त्या यादीवर?"

"माझी."

"मग ती तुम्हीच पुसा."

घंटा झाली. ती आत जाता जाता मागे वळून म्हणाली, "आणि माझी पोरगी वर गेली ना, तर मी वर येईन. तेव्हा वेळ घेऊन येणार नाही."

बाई घरी आल्या त्या धुसफुसतच. घरी त्यांच्या वन्सं असतात, नवऱ्याची थोरली बहीण, टेलिफोन एक्स्चेंजमधून निवृत्त झालेल्या. एकतीस वर्षं त्यांनी लोकांचे नंबर जोडून दिले. बाईंनी चहा पण न घेता सगळं सांगितलं. क्लार्कपासून सुरुवात केली, हेडसरांवर आल्या आणि शेवटी स्वतःवर येऊन थांबल्या.

वन्सं म्हणाल्या, "पलीकडून हॅलो आलं म्हणजे हवा तोच माणूस आला, असं आम्ही नाही धरत. आधी विचारायचं, कोण बोलतंय. पहिल्या दिवशी शिकवायचे आम्हाला."

"मला नव्हतं शिकवलं कुणी."

"तुला कशाला शिकवायचं? तू तर कागद पाठवून विचारतच होतीस, कोण बोलतंय म्हणून. बंद केलंस."

"बंद केलं त्यांनी!"

"बरं, त्यांनी. आणि तू बसलीस हात दुखत नाही म्हणून." वन्संना वयामुळे आणि नात्यामुळे काहीही बोलण्याची मुभा होती. "आता चिडून घर डोक्यावर घेणार आहेस, की मला पेन देणार आहेस?"

मशीनची किल्ली क्लार्कच्या खणात होती, तेव्हा चौतीसही कागद हाताने लिहायचे होते. दोघी स्वयंपाकघरातल्या टेबलावर समोरासमोर बसल्या. वन्संचं अक्षर बाईंपेक्षा सुबक निघालं, आणि ते त्यांनी तीनदा बोलून दाखवलं. वर आठवड्याचा अभ्यास. मध्ये एक ओळ: 'गेले पाच महिने शाळेच्या सूचना तुमच्या हाती येत होत्या का? कुणाच्या फोनवर?' खाली 'घरून', आणि चार बोटं. चौतिसावा कागद झाला तेव्हा आठही वाजले नव्हते.

शुक्रवारी शेवटच्या तासाला कागद दप्तरांत गेले. 'उद्याच परत' असं बाईंनी मुलांना हळू आवाजात सांगितलं. शनिवारी सकाळी घंटेला एकतीस कागद टेबलावर होते, उरलेले तीन मधल्या सुट्टीपर्यंत आले.

बाईंनी ते स्टाफरूममध्ये न नेता वर्गातच वाचले. मिरीचं घर धरलं नाही तरी सात घरी सूचना पोहोचतच नव्हत्या. एका मुलाचे वडील परदेशात कामाला होते. तिथे ते जेवणाच्या सुट्टीत 'ठीक आहे' दाबायचे आणि बायकोला सांगायचं विसरायचे. एका घरी फोन थोरल्या भावाच्या हातात असे, खेळात मध्ये येतं म्हणून तो न बघताच दाबून टाकी. एक आकडा चुकल्याने एका मुलीचा गृहपाठ पाच महिने टायरच्या दुकानात जात होता, आणि तिथला मालकही, देव जाणे का, दररोज ठीक आहे म्हणत होता. ज्यांना सूचना मिळत होत्या त्यांनी तर चार बोटं सोडून मागची बाजूही भरली होती. पाच महिन्यांचं साचलेलं सगळं बाहेर आलं होतं.

मिरीचा कागदही आला होता. घडी घातलेला. तो बाईंनी न उघडता पर्समध्ये ठेवला. आधी यादी.

हेडसरांच्या टेबलावर त्यांनी सात कागद ठेवले आणि त्यावर स्वतःचं पत्र. 'मी पूरक तुकडीसाठी दिलेले नाव न पडताळलेल्या नोंदीवरून दिले. नंबर मी भरले होते. चूक माझी आहे, पालकांची नाही. मी सही मागे घेत आहे.'

हेडसरांनी पत्र वाचलं. मग कागद वाचायला घेतले. टायरच्या दुकानापाशी ते थांबले.

"कागद पाठवायचे नाहीत असं ठरलं होतं, बाई."

"हो."

"नियम मोडलात तुम्ही."

"हो."

"आणि हे पत्र... तुमच्या सेवापुस्तकात जाईल. मला मेमो द्यावा लागेल. तीन वर्षं राहिलीत तुमची."

"द्या ना. पण कागदावर द्या. अॅपवर दिलात तर मला फक्त ठीक आहे म्हणता येईल."

क्लार्कला दारात खोकला आला. हेडसरांनी पेन उचललं आणि मिरीच्या नावावर एक सरळ रेघ मारली. पट्टी लावून मारावी तशी. यादीतल्या बाकीच्या अकरा नावांचे फोन लावून बघा, असं बाई म्हणाल्या. "पुढच्या सत्रात बघू," सर म्हणाले. "आता खोली तयार झाली आहे." बाई तिथे आणखी वीस मिनिटं उभ्या राहिल्या. आवाज इतका खाली गेला की बाहेर शिपायाला वाटलं, बाई गप्पच आहेत. उपयोग झाला नाही. ती अकरा मुलं त्यांच्या वर्गाची नव्हती. सोमवारी ती दप्तरं घेऊन जिना चढली, आणि बाईंनी ते व्हरांड्यातून पाहिलं. तो राग अजून गेलेला नाही. तो जावा अशी त्यांची इच्छाही नाही.

त्या शनिवारी मात्र शाळा सुटायला अर्धा तास असताना त्या वर्गात परतल्या. मुलं खेळाच्या तासाला मैदानावर होती. बाईंनी पर्समधून मिरीचा कागद काढला. धुलाईघराच्या जाड निळ्या पेन्सिलीने लिहिलं होतं. त्या चार बोटांत जेमतेम मावलेलं:

'सूचना मिळाल्या नाहीत. हे तुम्हाला ठाऊक आहे. दुसरं. फळ्याची डावी बाजू मिरीला दिसत नाही. खिडकीचा उजेड पडतो म्हणते. गृहपाठ तुम्ही तिथेच लिहिता. हे सांगायलाच मी गेटवर आले होते.'

बाई तिसऱ्या बाकाजवळ गेल्या. बाक त्यांच्या मापाचा नव्हता. तिरक्या बसून, गुडघे बाहेर ठेवून त्यांनी मान मिरीच्या उंचीवर आणली. फळ्यावर शुक्रवारचा गृहपाठ अजून तसाच होता. मधला भाग दिसत होता, उजवीकडची तारीख दिसत होती. डाव्या कोपऱ्यात नुसता पांढरा चकाकता चट्टा होता, आणि त्यात त्यांना स्वतःचं अक्षर वाचता येत नव्हतं.

त्या उठल्या. डस्टरने डावा कोपरा पुसला, इतका जोर लावून की खडूची भुकटी बाहीवर सांडली. मग सोमवारचा गृहपाठ उजवीकडे, तारखेखाली, ठळक लिहून काढला. कागदावर मागच्या बाजूला लाल शाईने उत्तर लिहिलं आणि तो मिरीच्या दप्तरात ठेवला:

'बरोबर आहे. आज बसून पाहिलं. मुलीची जागा बदललेली नाही, गृहपाठाची बदलली आहे. पुढचा कागद शुक्रवारी येईल.'